एक नट नाही म्हणून : सुट्या भागांच्या संशोधनात नेमकं काय मोजायचं?

मागच्या महिन्यात एका ज्युनियरचा मेसेज आला. "ताई, माझा विषय जवळपास ठरलाय, सुट्या भागांच्या मागणीचा अंदाज. आता फक्त सांग, कोणतं मॉडेल वापरू?"

मेसेज वाचून हसू आलं, कारण पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी हाच प्रश्न घेऊन गाइडच्या केबिनबाहेर उभी असायचे. हा प्रश्न चुकीचा नाही, पण तो दुसरा प्रश्न आहे. त्याच्या आधी एक पहिला प्रश्न असतो : आपण नेमकं काय मोजणार आहोत? तो सोडून पुढे गेलं की काय होतं, हे मी माझ्याच फजितीवरून सांगणार आहे. उदाहरण माझ्या विषयातलंच घेते, लष्करी हल्ला-हेलिकॉप्टर आणि त्यांचे सुटे भाग. तुमचा विषय रुग्णालयातली यंत्रं असोत, पवनचक्क्या असोत की एसटीच्या गाड्या, मुद्दा बदलत नाही.

हेच उदाहरण का? ही हेलिकॉप्टर संख्येने थोडी असतात. भारतीय हवाई दलाकडे अपाची आहेत २२, लष्कराने मागवली ६. एक हेलिकॉप्टर हँगरमध्ये अडकलं की ताफ्याचा मोठा हिस्सा गेला. आणि ते अडकतं तेव्हा जमिनीवर मदतीची वाट बघणाऱ्या तुकडीला "पार्ट मागवलाय" हे उत्तर पुरत नाही.

शून्यांनी भरलेला तक्ता

दुधाच्या पिशव्यांची मागणी रोज येते. थोडी वर, थोडी खाली, पण रोज. हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्सची मागणी तशी नसते. समजा एका भागाची बारा महिन्यांची मागणी अशी आहे :

०, ०, ०, १, ०, ०, ०, ०, २, ०, ०, ०

बारा महिन्यांत तीन नग, म्हणजे सरासरी महिन्याला ०.२५. पण पाव गिअरबॉक्स कुणी कधी मागितलाय का? अशा मागणीला खंडित मागणी म्हणतात. इथे दोन गोष्टी अनिश्चित असतात : मागणी कधी येईल, आणि आली तर किती नगांची येईल.

नेहमीची एक्स्पोनेन्शियल स्मूदिंगची पद्धत इथे गंमतशीर चुकते. मागणी येऊन गेली की लगेच तिचा अंदाज सर्वांत वर जातो, आणि पुढे शून्यं येत राहिली की हळूहळू उतरतो. म्हणजे नुकताच पार्ट बदललेला असतो तेव्हाच ती "आणखी मागवा" म्हणते. जे. डी. क्रॉस्टन यांनी १९७२ मध्ये यावर साधा उपाय सुचवला : दोन गोष्टी वेगळ्या धरा. मागणीचा आकार वेगळा, दोन मागण्यांमधलं अंतर वेगळं. दोन्हींचा अंदाज स्वतंत्रपणे काढा, तोही मागणी आलेल्या महिन्यातच सुधारा, आणि मग भागाकार करा. वरच्या तक्त्यात आकाराची सरासरी दीड, अंतराची साडेचार महिने (पहिलं अंतर ४, दुसरं ५). भागाकार आला ०.३३.

पुढे सिंटेटोस आणि बॉयलन यांनी दाखवलं की हा भागाकार सरासरीने थोडा जास्त येतो. २००५ च्या त्यांच्या शोधनिबंधात त्याची दुरुस्ती आहे. स्मूदिंगचा गुणांक अल्फा असेल, तर उत्तराला (१ वजा अल्फा भागिले २) याने गुणायचं. अल्फा ०.१ असेल तर ०.९५ ने. एवढंच. पण या "एवढंच"ला १९७२ पासून तीस-एक वर्षं लागली, हे लक्षात ठेवा. जुन्या पद्धतीतली छोटी चूक शोधणं हेही संशोधनच असतं.

माझी फजिती

मी काय केलं? लष्करी डेटा मिळत नाही, म्हणून अशाच खंडित मागणीचा कृत्रिम डेटा तयार केला, सात-आठ पद्धती त्यावर चालवल्या आणि प्रत्येकीची सरासरी निरपेक्ष चूक काढली. जिची चूक कमी, ती पद्धत चांगली. तक्ता झकास दिसत होता. प्रोग्रेस सेमिनारच्या आदल्या रात्री सहज म्हणून त्यात आणखी एक "पद्धत" टाकली : दर महिन्याला अंदाज शून्य. ती पहिली आली!

हातानेच करून बघा. वरच्या तक्त्यावर कायम शून्य सांगितलं तर एकूण चूक ३, भागिले १२, म्हणजे ०.२५. कायम ०.२५ सांगितलं तर दहा महिने पाव-पावची चूक, एकदा ०.७५ आणि एकदा १.७५. बेरीज ५, भागिले १२, म्हणजे ०.४२. शून्य जिंकलं. आणि यात कोडची काही चूक नाही. निरपेक्ष चूक सर्वांत कमी करणारा आकडा म्हणजे मध्यक, आणि निम्म्याहून जास्त महिने शून्य असतील तर मध्यक शून्यच असणार. टक्केवारीतली चूक काढायला जावं तर शून्याने भागावं लागतं, तिथे तर गाडीच बंद.

म्हणजे माझ्या मोजपट्टीप्रमाणे सर्वोत्तम सल्ला होता : हा पार्ट कधीच ठेवू नका.

तो तक्ता मी सेमिनारमध्ये तसाच दाखवला, शून्याच्या ओळीसकट. समितीतल्या एका सरांनी आयुष्यभर विमानांच्या देखभालीचं काम केलेलं आहे. ते शांतपणे म्हणाले, "बाई, चूक कमी झाली हे ठीक. पण उडाली किती?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या अख्ख्या मॉडेलमध्ये हेलिकॉप्टरच नव्हतं, नुसते पार्ट होते.

टक्केवारी कुणाची?

स्टोअरवाल्यांची आवडती मोजणी असते फिल रेट : शंभर मागण्या आल्या, त्यांतल्या किती तिथल्या तिथे भागवल्या? समजा महिन्यात शंभर मागण्या आल्या. ९६ वॉशर, फिल्टर, सील अशा किरकोळ वस्तूंच्या, त्या सगळ्या मिळाल्या. ४ गिअरबॉक्सच्या, त्यांतली एकही मिळाली नाही. फिल रेट ९६ टक्के, स्टोअरला शाबासकी. पण हँगरमध्ये चार हेलिकॉप्टर उभी आहेत.

आता दुसरा हिशोब. समजा एका हेलिकॉप्टरमध्ये असे ५० भाग आहेत की त्यांतला एकही नसेल तर उड्डाण नाही. प्रत्येक भाग आपल्या जागी असण्याची शक्यता ९८ टक्के. एकेकटा आकडा उत्तम दिसतो. पण सगळे ५० एकाच वेळी जागेवर असण्याची शक्यता म्हणजे ०.९८ चा पन्नासावा घात, सुमारे ३६ टक्के. प्रत्येक भाग ९९ टक्क्यांवर नेला तर साधारण ६० टक्के. हेलिकॉप्टर ९५ टक्के वेळा तयार हवं असेल तर प्रत्येक भाग ९९.९ टक्के लागतो. (यात भागांचा एकमेकांशी संबंध नाही असं गृहीत धरलंय. या गृहीतकाकडे पुन्हा येऊ.)

म्हणून मोजायचं असतं ते हे : आत्ता या क्षणी ताफ्यात किती जागा रिकाम्या आहेत, आणि किती काळापासून? याला बॅकऑर्डर म्हणतात. फिल रेट फक्त मागणीच्या क्षणाकडे बघतो. बॅकऑर्डर वाट बघण्याचा काळही मोजते. एका दिवसात आलेला पार्ट आणि आठ महिन्यांनी आलेला पार्ट फिल रेटला सारखेच वाटतात. वैमानिकाला नाही वाटत.

वेळ हाही एक सुटा भाग

हेलिकॉप्टरचे महागडे भाग फेकून देत नाहीत, दुरुस्त करून परत वापरतात. खराब भाग काढला, दुरुस्तीला पाठवला, तिथून तो पुन्हा साठ्यात. म्हणजे काही भाग कायम "वाटेवर" असतात. किती?

स्वीडिश गणिती कॉनी पाम यांचा या बाबतीतला नियम आम्ही रोज वापरतो. मागण्या पॉयसाँ पद्धतीने, म्हणजे एकमेकींशी संबंध नसताना, येत असतील, तर वाटेवर असलेल्या भागांची संख्याही पॉयसाँ असते, आणि तिची सरासरी म्हणजे मागणीचा दर गुणिले दुरुस्तीचा सरासरी काळ. दुरुस्तीचा काळ कसा विखुरलेला आहे याने फरक पडत नाही. फक्त सरासरी पुरते.

आकडे घालून बघू. महिन्याला ०.२५ मागणी, दुरुस्तीला ८ महिने. वाटेवर सरासरी २ भाग. तुमच्याकडे २ जादा भाग आहेत, म्हणजे सरासरीएवढे. निर्धास्त? नाही. वाटेवर ३ किंवा जास्त असण्याची शक्यता ३२ टक्के निघते. म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश काळ कुठलं तरी हेलिकॉप्टर या एका भागासाठी उभं आहे. तिसरा जादा भाग घेतला तर ही शक्यता १४ टक्क्यांवर येते, चौथा घेतला तर ५ टक्क्यांवर.

आता काहीही विकत घेऊ नका. फक्त दुरुस्तीचा काळ ८ वरून ४ महिन्यांवर आणा. वाटेवरची सरासरी १ झाली. त्याच २ जादा भागांवर तुटवड्याची शक्यता ८ टक्के. म्हणजे दुरुस्ती निम्म्या वेळात होणं हे इथे एक आख्खा गिअरबॉक्स विकत घेण्यापेक्षाही जास्त उपयोगी पडलं. हा हिशोब मी पहिल्यांदा केला तेव्हा दोनदा तपासला. तुम्हीही तपासा, एका कागदावर होतो.

तळ, डेपो आणि कारखाना

प्रत्यक्षात साठा एकाच ठिकाणी नसतो. हवाई दलाची अपाची ३ सप्टेंबर २०१९ रोजी पठाणकोटच्या ज्या १२५ हेलिकॉप्टर स्क्वाड्रनमध्ये दाखल झाली, तिच्याकडे त्याआधी रशियन बनावटीची एमआय-२५ आणि एमआय-३५ होती. अशा रशियन हेलिकॉप्टरांची किरकोळ कामं तळावर होतात. मोठी कामं चंदीगडच्या ३ बेस रिपेअर डेपोसारख्या ठिकाणी, आणि तिथेही जमलं नाही तर परदेशी कारखान्यात. मग हातात असलेले पाच जादा भाग तळावर ठेवायचे की डेपोत? तळावर ठेवले तर लगेच हाताशी, पण दुसऱ्या तळाला उपयोग नाही. डेपोत ठेवले तर सगळ्यांचे, पण येईपर्यंत वाट बघा.

क्रेग शेरब्रुक यांनी रँड कॉर्पोरेशनमध्ये असताना १९६८ मध्ये याच प्रश्नावर 'मेट्रिक' नावाचं मॉडेल मांडलं. अमेरिकी हवाई दलासाठीचं काम होतं. त्यातली कल्पना साधी आहे : ठरलेल्या पैशात सगळ्या तळांवरच्या, सगळ्या भागांच्या बॅकऑर्डरची बेरीज कमीत कमी करा. आणि ते करायचं एकेक पाऊल टाकत : पुढचा रुपया अशा भागावर घाला, जिथे त्या रुपयामागे बॅकऑर्डर सर्वांत जास्त कमी होते.

आपलंच उदाहरण. गिअरबॉक्सचा तिसरा जादा नग सरासरी ०.३२ बॅकऑर्डर कमी करतो. समजा त्याची किंमत २ कोटी. दुसरीकडे एक पंप आहे, किंमत समजा १० लाख, वाटेवर सरासरी अर्धा, आणि जादा नग एकही नाही. त्याचा पहिला नग ०.३९ कमी करतो. कोटीमागे हिशोब केला तर गिअरबॉक्स ०.१६, पंप ३.९. पंप आधी घ्या. गिअरबॉक्स "महत्त्वाचा" वाटतो म्हणून आधी घेतला असता तर तेवढ्याच पैशात जास्त हेलिकॉप्टर जमिनीवर राहिली असती. उड्डाणाच्या दृष्टीने दोन्ही सारखेच, कारण दोन्हींशिवाय उडता येत नाही.

एकाचं काढून दुसऱ्याला

बस डेपोत कधी गेला असाल तर कोपऱ्यात उभी असलेली एखादी गाडी पाहिली असेल. चाकं नाहीत, बॅटरी नाही, सीटही अर्ध्या. तिचं सामान इतर गाड्या चालवतंय. विमानांच्या जगात याला कॅनिबलायझेशन म्हणतात. दहा हेलिकॉप्टरांत प्रत्येकी एक, पण वेगवेगळा भाग नसेल, तर दहाही उभी. सगळ्या रिकाम्या जागा एकाच हेलिकॉप्टरमध्ये गोळा केल्या तर नऊ उडतात. म्हणजे मघाचे ३६ टक्के प्रत्यक्षात याहून बरे दिसू शकतात.

पण फुकट काही नसतं. साध्या बदलात दोन कामं : खराब काढा, नवीन बसवा. इथे चार होतात : खराब काढा, दात्याचा चांगला काढा, तो बसवा, आणि नवीन आला की दात्यात बसवा. शिवाय चांगला भाग काढताना-घालताना खराब होण्याची भीती वेगळीच. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने २००१ मध्ये यावर अहवाल दिला. १९९६ ते २००० या पाच आर्थिक वर्षांत तिथल्या नौदलाने आणि हवाई दलाने मिळून अशा सुमारे साडेआठ लाख अदलाबदली नोंदवल्या, आणि त्यांत साधारण ५३ लाख जादा कामाचे तास गेले. उपलब्धतेचा आकडा चांगला दिसत होता, पण त्याची किंमत मेकॅनिकच्या रात्रींनी भरली जात होती. तुम्ही काय मोजत नाही आहात, तिकडेही एकदा बघायचं ते यासाठी.

मॉडेल जिथे हात टेकतं

आता त्या गृहीतकाकडे येऊ : भाग एकमेकांशी संबंध न ठेवता खराब होतात.

२०१८ मध्ये अमेरिकी लष्कराने नवी अपाची ताब्यात घेणं काही महिने थांबवलं. कारण होतं एक नट. अपाचीच्या मुख्य पंख्याची पाती स्ट्रॅप पॅक नावाच्या, पातळ पोलादी पट्ट्यांच्या जुडग्याने मध्यभागी धरलेली असतात. तिथले मोठे बोल्ट पकडून ठेवणारा हा नट. समुद्रकिनाऱ्याच्या खाऱ्या हवेत आणि ताणाखाली तो गंजत असल्याचं आढळलं. नट नव्याने डिझाइन करावा लागला, किनारपट्टीवरच्या तुकड्यांना तो आधी बसवायचं ठरलं, आणि नव्या हेलिकॉप्टरांचा स्वीकार ऑगस्टच्या अखेरीस पुन्हा सुरू झाला.

इथे क्रॉस्टन काय करणार? वर्षानुवर्षं शून्य-शून्य मागणी असलेला भाग, आणि एका सकाळी संपूर्ण ताफ्याला एकदम हवा. पॉयसाँचं गृहीतक म्हणतं की एकाचा बिघाड दुसऱ्याला कळत नाही. पण इथे कारण एकच होतं, म्हणून मागणी सगळीकडून एकदम आली. साठा कितीही असता तरी उपयोग नव्हता, कारण तो जुन्याच नटांचा असता.

दुसरं उदाहरण पुरवठ्याच्या बाजूचं. एमआय-२४ कुटुंबातली हेलिकॉप्टर, आपली एमआय-२५ आणि एमआय-३५ त्यातलीच, जुळायची रशियात. पण त्यांची टीव्ही३-११७ इंजिनं बनायची युक्रेनच्या झापोरिझिया शहरातल्या मोटर सिच कारखान्यात. सोव्हिएत संघ होता तोवर हा एका देशातल्या दोन शहरांचा प्रश्न होता. १९९१ नंतर मध्ये सीमा आली. २०१४ मध्ये युक्रेनने रशियाशी लष्करी व्यवहार थांबवले आणि रशियाला त्या जागी स्वतःच्या इंजिनांचं उत्पादन वाढवावं लागलं. पामच्या नियमात दुरुस्तीचा काळ ८ किंवा ४ महिने घालता येतो. "आता येणारच नाही" हे कुठे घालणार?

म्हणूनच आपल्याकडच्या 'प्रचंड'बद्दल वाचताना मी उड्डाणाच्या उंचीपेक्षा दुसरीच गोष्ट शोधते. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं हे हेलिकॉप्टर ३ ऑक्टोबर २०२२ रोजी जोधपूरला दाखल झालं. मार्च २०२५ मध्ये आणखी १५६ ची, सुमारे ६२,७०० कोटींची मागणी नोंदवली गेली. त्याचं शक्ती इंजिन फ्रेंच कंपनीबरोबर मिळून विकसित केलेलं आहे. माझा प्रश्न : यातले कोणते भाग देशातच दुरुस्त होतील, आणि किती दिवसांत? त्या उत्तरावर पुढच्या तीस वर्षांची उपलब्धता ठरेल. यात किमान दोन-तीन प्रबंधांचे विषय आहेत.

डेटा कुठून आणायचा?

"लष्करी डेटा गुप्त असतो, मग काम कसं करायचं?" हा प्रश्न हमखास येतो. लेखापरीक्षणाचे अहवाल वाचा. आपल्याकडे कॅगचे संरक्षणविषयक अहवाल आहेत, अमेरिकेत लेखापरीक्षण संस्थेचे आणि संरक्षण खात्याच्या महानिरीक्षकांचे. २०११ चा एक अहवाल अपाची आणि चिनूकच्या सुट्या भागांच्या कंत्राटावर आहे. सरकारी गोदामातून ७.७१ डॉलरला मिळू शकणारा एक छोटा रोलरचा भाग कंत्राटातून १,६७८.६१ डॉलरला घेतल्याचं त्यात नोंदलंय. अशा अहवालातून मालिका-डेटा मिळत नाही, पण प्रश्न मिळतात. डेटा कृत्रिम बनवता येतो, प्रश्न खरा लागतो.

तुमच्या प्रपोजलआधी

त्या ज्युनियरला शेवटी मी हे लिहून पाठवलं :

१. मॉडेलचं नाव लिहिण्याआधी एक वाक्य लिही : "माझं काम यशस्वी झालं तर अमुक गोष्ट वाढेल किंवा कमी होईल." त्या वाक्यात "अचूकता" हा शब्द नको. हेलिकॉप्टर, रुग्ण, बस असं काहीतरी हवं.

२. तुझ्या मोजपट्टीवर सर्वांत मूर्ख पद्धत चालवून बघ. ती जिंकली तर मोजपट्टी बदल.

३. तुझं सर्वांत सोयीचं गृहीतक कोणतं, आणि ते कधी मोडलं होतं, याचं एक खरं उदाहरण शोध. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण बहुतेक तिथेच सापडेल.

४. ज्याच्या हाताला ग्रीस लागलंय अशा एका माणसाशी तरी बोल. सेमिनारच्या आधी, नंतर नाही.

माझं तिसरं वर्ष चालू आहे. आता तक्त्यातला पहिला स्तंभ "उडण्यायोग्य हेलिकॉप्टर" असा आहे, अंदाजाची चूक चौथ्या स्तंभात गेली. गेल्या सेमिनारला तेच सर होते. त्यांनी पहिला स्तंभ बघितला, मान डोलावली आणि विचारलं, "मेकॅनिक किती धरलेत?"

धरले नव्हते. सध्या तेच करतेय.